दोन रेषांच्या मधली जमीन

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. एक रेषा ७२० मीटरची, पुढची ७४० ची. आता ह्या दोन रेषांच्या मधे काय आहे? "चढ आहे" हे उत्तर भूगोलाच्या पेपरात चालायचं. पण कसला चढ? एकसारखा उतार, की आधी सपाटी आणि मग एकदम सहा मजली इमारतीएवढा उभा कातळ? नकाशा ह्यावर गप्प बसतो. तो खोटं बोलत नाही, फक्त बोलत नाही. उरलेलं आपण मनाने भरून घेतो आणि आपण भरून घेतलंय हे विसरूनही जातो.

नकाशे आणि कॉम्प्युटर ह्यांच्याशी कामानिमित्त बरीच वर्षं संबंध आल्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात कायम घोळत असतो. जमीन अखंड आहे. तुम्ही पाऊल टाकाल तिथे तिला काहीतरी उंची आहे, आणि दोन पावलांच्या मधल्या प्रत्येक जागेलाही आहे. असे बिंदू अगणित. कॉम्प्युटरला मात्र फक्त आकडे कळतात, आणि तेही मोजके. मग डोंगर आकड्यांत भरायचा कसा? कुठले बिंदू ठेवायचे, कुठले सोडायचे आणि सोडलेल्यांच्या जागी काय मानायचं? हल्ली ह्या सगळ्याला जीआयएस म्हणतात, पण ही अडचण कॉम्प्युटरच्या बरीच आधीची आहे. तिची गोष्ट मला फार आवडते, म्हणून आज ती सांगायचा बेत आहे. गोष्ट पाण्यातून सुरू होते आणि शेवटी मुंबईच्या किनाऱ्याशी येते.

समोच्च रेषेचा जन्म डोंगरावर झाला असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. ती आधी पाण्याखाली सापडली. १५८४ साली पीटर ब्राउन्स नावाच्या डच मोजणीदाराने स्पार्ने नदीच्या नकाशावर सात फूट खोलीची रेषा काढली. १७३० च्या सुमारास क्रूकियस ह्या दुसऱ्या डच माणसाने मेरवेडे नदीच्या तळाच्या अशा रेषा काढल्या. १७३७ मधे फिलिप बुआश ह्या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने इंग्लिश खाडीचा तळ असाच दाखवला.

हे पाण्यातच आधी का व्हावं? मला ह्याचं कारण अगदी साधं वाटतं. डोंगर डोळ्यांना दिसतो. दिसतो म्हणून माणूस त्याचं चित्र काढतो. जुन्या नकाशांत डोंगर बाजूने पाहिल्यासारखे, मुंग्यांच्या वारुळासारखे काढलेले असतात. नदीचा तळ कुणाला दिसत नाही. तिथे दोरीला शिसं बांधून खाली सोडायचं आणि आकडा लिहायचा, एवढंच हातात. हजार ठिकाणी दोरी सोडली की हजार आकडे. त्या आकड्यांच्या जंगलात सारखे आकडे जोडले तरच तळाचा आकार दिसणार. थोडक्यात, जिथे चित्र काढता येत नव्हतं तिथे आकड्यांवर विसंबायची वेळ आली, आणि त्यातून रेषा निघाली.

डोंगरावर ही रेषा नीट चढली ती पृथ्वीचं वजन करण्याच्या नादात. ही हकीकत खरोखरच मजेदार आहे.

स्कॉटलंडमधे शिहॅलियन नावाचा १०८३ मीटर उंचीचा डोंगर आहे. कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटरने बुटका, पण आजूबाजूला मोकळा आणि आकाराने बराच सुबक. १७७४ साली इंग्लंडचा राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलाइन तिथे जाऊन बसला. कल्पना न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर आधारलेली होती. डोंगर एवढा मोठा, तर त्याच्याही वस्तुमानाने ओळंबा किंचित त्याच्याकडे ओढला जायला हवा. हे ओढलं जाणं मोजता आलं आणि डोंगराचं वजन माहीत असलं, तर त्यावरून अख्ख्या पृथ्वीचं वजन काढता येईल. डोंगराच्या दोन्ही बाजूंचा परिणाम मिळून फरक आला जेमतेम ११.६ सेकंद. घड्याळातले नव्हेत, कोनाचे. एका अंशाचे ३६०० सेकंद होतात.

पण डोंगराचं वजन काढायचं तर त्याचं घनफळ हवं, आणि घनफळ काढायला आकार हवा. त्यासाठी रूबेन बरो आणि विल्यम मेंझीज ह्यांनी पावसाधुक्यात डोंगर तुडवून शेकडो बिंदूंच्या उंच्या मोजल्या. (हा बरो पुढे १७८२ मधे हिंदुस्थानात आला, कलकत्त्याला लष्करी इंजिनियरांना गणित शिकवू लागला, बंगालमधे अंशाची लांबी मोजली आणि १७९२ मधे बक्सरला वारला. शिहॅलियनच्या कामाचं श्रेय आपल्याला मिळालं नाही म्हणून तो कायम धुमसत असे. डोंगरात पाय झिजवणाऱ्यांचं नशीब सगळीकडे सारखंच दिसतं!)

हे आकडे गेले चार्ल्स हटन ह्या गणितज्ञाकडे. त्याच्यापुढे नकाशाभर विखुरलेल्या आकड्यांचा ढीग पडला होता. बघून काहीच बोध होईना. मग त्याने पेन्सिलीने सारख्या उंचीचे बिंदू फिकट रेषेने जोडायला सुरुवात केली आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. त्यानंतर त्याने सगळ्या परिसरावर एकात एक वर्तुळं काढली, त्यांच्या पाकळ्या पाडल्या आणि प्रत्येक तुकड्याला जमिनीचा एक उभा खांब मानलं. प्रत्येक खांबाची उंची रेषांवरून ठरवली आणि बेरीज केली. १७७८ मधे उत्तर छापलं: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट. आजचा आकडा साडेपाच पट. पेन्सिल, ओळंबा आणि पावसाळी डोंगर एवढ्याच भांडवलावर हे काही वाईट नाही.

ह्यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. हटनने मोजलेले बिंदू हे एक. त्यांवरून काढलेल्या रेषा हे दुसरं. आणि रेषांवरून ठरवलेले खांब हे तिसरं. प्रत्यक्ष मोजलेलं फक्त पहिलं होतं. रेषा आणि खांब दोन्ही मानलेले. आजचं कुठलंही महागडं सॉफ्टवेअर उघडा, त्याच्या पोटात हेच तीन टप्पे वेगवेगळ्या नावांनी सापडतील.

पुढची पायरी चढली ती गणितवाल्यांनी, तीही गंमत म्हणून. १८५९ मधे आर्थर केली आणि १८७० मधे जेम्स क्लार्क मॅक्सवेल (तोच, विजेच्या समीकरणांवाला) ह्यांनी डोंगरदऱ्यांवर छोटे निबंध लिहिले. मॅक्सवेलचा युक्तिवाद इतका सुंदर आहे की तो कुठल्याही ट्रेकरला चहा पिता पिता सांगता येतो.

अशी कल्पना करा की एक बेट आहे, त्यावर अनेक डोंगर आहेत आणि सगळं पाण्याखाली बुडालंय. आता पाणी हळूहळू उतरतंय. पहिलं शिखर वर येतं: एक ठिपका, एक बेट. मग दुसरं, तिसरं. प्रत्येक नवं शिखर म्हणजे एक नवं बेट. पाणी आणखी उतरलं की दोन बेटं कुठेतरी जोडली जातात. ती जोडली जाण्याची जागा म्हणजे खिंड. प्रत्येक खिंडीगणिक बेटांची संख्या एकाने कमी होते. शेवटी सगळं मिळून एकच बेट उरणार. म्हणजे दहा शिखरं असतील तर त्यांना जोडणाऱ्या खिंडी नऊच. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. (चारी बाजूंनी बंद असलेले खळगे असतील तर हिशेब थोडा वाढतो, पण तोही तितकाच काटेकोर आहे.)

ह्याचा अर्थ काय? जमीन हा नुसता उंच्यांचा ढीग नाही. तिला सांगाडा आहे. शिखरं, खिंडी, धारा, नाळा, नद्यांचे तळ हे एकमेकांना बांधलेले आहेत. आपल्या घाटवाटा काढणाऱ्यांना हे कुणी निबंधात सांगावं लागलं नव्हतं. डोंगर ओलांडायचा तर खिंड शोधायची आणि पाणी हवं तर नाळेने उतरायचं. पण आकड्यांत डोंगर भरणाऱ्यांनी हा सांगाडा जपायचा की नाही, ह्यावर पुढे बरंच रामायण झालं.

आता एकदम १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊया, कारण कॉम्प्युटरमधे जमीन पहिल्यांदा शिरली ती तिथे. १९५६ साली तिथे आंतरराज्य महामार्गांचा प्रचंड कायदा झाला. हजारो मैल रस्ते. रस्ता म्हटला की खोदाई आणि भराव आलाच, आणि किती माती काढायची, किती टाकायची ह्याचा हिशेब हाताने करता करता इंजिनियर थकून जात. एमआयटीमधले स्थापत्य विभागाचे चार्ल्स मिलर ह्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या रस्ते खात्यासाठी हे काम कॉम्प्युटरकडे सोपवायचं ठरवलं. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून बिंदूंच्या उंच्या काढायच्या, त्या कॉम्प्युटरमधे भरायच्या आणि मग रस्ता इकडून नेला तर किती माती, तिकडून नेला तर किती, हे यंत्रालाच विचारायचं. १९५८ मधे मिलर आणि लाफ्लाम ह्यांच्या लेखाने ह्या प्रकाराला "डिजिटल टेरेन मॉडेल" हे नाव जगासमोर आणलं.

लक्षात घ्या, इथे कुणालाही डोंगराचं सुंदर चित्र नको होतं. हटनला वजन हवं होतं, मिलरला मातीचा हिशेब. जमीन आकड्यांत गेली ती प्रत्येक वेळी कुणाच्यातरी कामासाठी, आणि काय ठेवायचं, काय सोडायचं हे त्या कामाने ठरवलं.

कॉम्प्युटरला सगळ्यात सोयीची पद्धत निघाली ती चौकटींची. शाळेतली गणिताची चौकटींची वही आठवा. जमिनीवर तशी जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकटीत एकच आकडा लिहायचा, तिथली उंची. जागा लिहायची गरजच नाही, कारण तिसऱ्या ओळीतली सातवी चौकट कुठे आहे हे यंत्राला माहीत असतं. शेजारी शोधणं सोपं, उतार काढणं सोपं, दोन नकाशे एकावर एक ठेवून वजाबाकी करणंही सोपं.

पण चौकट आंधळी असते. गोदावरीकाठच्या सपाट शिवारात ती तीच ती उंची हजार वेळा लिहीत बसते, आणि सह्याद्रीच्या कड्यावर, जिथे दहा पावलांत शंभर मीटर पडतात, तिथेही तेवढीच लांब ढांग टाकते. हिशेब करून पाहा. ३० मीटरच्या चौकटी घेतल्या तर एका चौरस किलोमीटरमधे साधारण ११०० उंच्या येतात. ९० मीटरच्या घेतल्या तर १२० च्या आसपास. राजगडाची एखादी माची ह्या १२० आकड्यांत कशी दिसत असेल? सुवेळा माचीचं नेढं तर विचारूच नका.

ह्यावर तोडगा म्हणून त्रिकोण आले. १९७० च्या दशकात कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात थॉमस पॉइकर आणि त्याचे सहकारी ह्या प्रश्नामागे लागले. पैसा अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा होता. (ह्या पॉइकरने आपल्या आडनावाचं स्पेलिंग पुढे बदललं, त्यामुळे पुस्तकांत तो दोन नावांनी सापडतो. नकाशावरची वाकडीतिकडी रेषा कमीत कमी बिंदूंत कशी बसवायची ह्याची १९७३ ची प्रसिद्ध रीतही त्याची आणि डेव्हिड डग्लसची. म्हणजे "काय सोडलं तर चालेल" हाच ह्या माणसाचा आयुष्यभराचा विषय!)

त्रिकोणच का? ह्याचं उत्तर प्रत्येक घरात आहे. चार पायांचं टेबल फरशी जराशी उंचसखल असली की डुगडुगतं. तिपाई कधीच डुगडुगत नाही. तीन बिंदू कसेही घ्या, त्यांच्यावर एक सपाट फळी नेमकी टेकते. चौथा आला की भांडण सुरू. म्हणून जमिनीवरचे महत्त्वाचे बिंदू निवडायचे, त्यांना त्रिकोणांनी जोडायचं आणि प्रत्येक त्रिकोण ही एक सपाट फळी मानायची. सपाट शिवारात मोठे मोठे त्रिकोण पुरतात. कड्यावर लहान लहान घ्यायचे. ह्या पद्धतीचं नाव टिन. पत्र्याशी काही संबंध नाही, इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत.

बिंदू कसे जोडायचे, कारण एकाच बिंदूसमूहातून त्रिकोण शंभर तऱ्हांनी काढता येतात? ह्याचा नियम आधीच तयार होता. बोरिस देलोने ह्या रशियन गणितज्ञाने तो १९३४ मधे मांडला होता: त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारं वर्तुळ काढा, त्याच्या पोटात दुसरा कुठलाही बिंदू येता कामा नये. असं केलं की लांबट, सुईसारखे त्रिकोण शक्यतोवर टळतात. देलोनेने हे डोंगर मोजण्यासाठी केलं नव्हतं, शुद्ध गणितासाठी केलं होतं. पण माणूस स्वतः नावाजलेला गिर्यारोहक होता आणि अल्ताई पर्वतातल्या एका शिखराला त्याचं नाव आहे. हे योगायोग मला उगाचच आनंद देतात.

आणि महत्त्वाचे बिंदू कुठले? १९७९ मधे रॉबर्ट फाउलर आणि जेम्स लिटल ह्या पॉइकरच्या सहकाऱ्यांनी जी रीत मांडली तिच्यात आधी शिखरं, खिंडी, खळगे शोधायचे, मग धारा आणि नाळा, आणि हा सांगाडा उभा राहिल्यावर जिथे चूक जास्त तिथे आणखी बिंदू घालत जायचे. मॅक्सवेलचा चहाच्या टेबलावरचा निबंध शंभर वर्षांनी यंत्राच्या कामाला आला तो असा.

चौकटी की त्रिकोण हा वाद पुढची बरीच वर्षं चालला. त्रिकोण हुशार होते, पण ते सांभाळायला कटकटीचे. कोण कुणाचा शेजारी हेही लिहून ठेवावं लागतं. दरम्यान कॉम्प्युटरची मेमरी स्वस्त होत गेली आणि उपग्रहांची छायाचित्रं मुळातच चौकटींत येऊ लागली. आज रस्ते-धरणांच्या आराखड्यांत त्रिकोण टिकून आहेत, पण जगाचे मोठमोठे उंचीचे नकाशे चौकटींचेच आहेत. हुशार पद्धत हरली आणि सोयीची जिंकली असं म्हणायला हरकत नाही. हे काही फक्त नकाशांतच होतं असं नाही, असो.

चौकटींतल्या जमिनीची खरी परीक्षा होते ती तिच्यावर पाणी सोडल्यावर. १९८४ मधे ओ'कॅलहन आणि डेव्हिड मार्क (हाही मूळचा पॉइकरच्याच गटातला) ह्यांच्या लेखातून एक साधी रीत रूढ झाली. प्रत्येक चौकटीला आठ शेजारी असतात. पाणी त्यांतल्या सगळ्यात उताराच्या शेजाऱ्याकडे जाईल असं मानायचं. अशी चौकटीमागून चौकट जोडली की नद्यांचं जाळं आपोआप उमटतं. पहिल्यांदा पाहताना हे जादूसारखं वाटतं. आकड्यांच्या कोरड्या तक्त्यातून मुळा-मुठा वाहायला लागते!

पण लगेच घोटाळा दिसतो. एखाद्या अरुंद घळीत चौकट घळीपेक्षा रुंद निघते, तिच्यात काठाची उंची मिसळते आणि नदी तिथे अडते. कॉम्प्युटरमधे एक खोटं धरण तयार होतं. खोटे खळगे तर शेकडो. १९८८ मधे जेन्सन आणि डोमिंग ह्यांनी ह्यावर रीत दिली, की खळगे काठापर्यंत भरून टाका म्हणजे पाणी पुढे जाईल. आज हे काम एका बटणावर होतं. बटण दाबलं की जमीन "दुरुस्त" होते. मला ते दाबताना दर वेळी जरा विचित्र वाटतं. पाणी वाहतंय हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून ते वाहावं अशी जमीन आपण करून घेतो. आणि खळगा खरा असला तर? एखादं पाझर तळं, एखादी सोडून दिलेली दगडाची खाण? बटणाला ते कळत नाही.

दुसरा एक घोटाळा खास आपल्याकडचा. जुन्या नकाशांतल्या समोच्च रेषांवरून चौकटी भरल्या की डोंगरावर पायऱ्या पडतात. रेषेजवळ आकडे दाटून येतात, मधली जागा उगाच सपाट होते. जगभरचे लोक ह्या पायऱ्या बघून म्हणतात, चला, ही पद्धतीची चूक, गुळगुळीत करून टाका. पण सह्याद्री मुळातच पायऱ्यांचा आहे! लाव्हाचे थर एकावर एक, म्हणून तर ह्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायऱ्या ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. त्यामुळे पडद्यावर दिसणारी पायरी बेसाल्टची की गणिताची हे टेबलापाशी बसून ठरवता येत नाही. गुळगुळीत केलं तर खोट्या पायऱ्यांबरोबर खऱ्याही पुसल्या जातात.

मग आलं २००० साल. ११ फेब्रुवारीला एन्डेव्हर हे अवकाशयान उडालं. त्याच्यातून ६० मीटर लांबीची एक काठी बाहेर काढली होती. यानात एक अँटेना, काठीच्या टोकाला दुसरी. आपल्या दोन डोळ्यांमुळे जशी खोली कळते तशीच रडारच्या ह्या दोन डोळ्यांनी उंची मोजायची. अकरा दिवसांत त्याने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण ह्या पट्ट्यातली, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजली. ह्या मोहिमेचं नाव एसआरटीएम. अमेरिकेबाहेरच्या प्रदेशाची माहिती आधी ९० मीटरच्या चौकटींत खुली झाली, आणि २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरच्या.

आपल्याकडे ह्याचं मोल वेगळंच होतं. कंटूर असलेला नकाशा हातात पडणं ही इथे वर्षानुवर्षं सोपी गोष्ट नव्हती. किनाऱ्यालगतचे आणि सीमेजवळचे नकाशे तर सामान्य माणसाला मिळतच नसत. आणि आता कुणीही घरबसल्या अख्ख्या सह्याद्रीची उंची फुकट उतरवून घेऊ शकत होता. पुढे मे २००५ मधे भारताने कार्टोसॅट-१ सोडला, त्याच्या जोडचित्रांवरून देशाचं स्वतःचं उंचीचं प्रारूप तयार झालं, आणि फेब्रुवारी २०२१ मधे नकाशांवरचे बरेचसे निर्बंध सरकारने उठवले. पण दार पहिल्यांदा किलकिलं केलं ते त्या काठीने.

मात्र रडारला कड्याच्या पलीकडचं दिसत नाही. डोंगराच्या आडोशाला नुसती भोकं राहिली, ती मागाहून इकडून तिकडून माहिती आणून बुजवली. शिवाय ह्या सगळ्या पद्धतींची एक अट आहे: एका जागेला एकच उंची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. त्याच्या काठावर पालथं पडून खाली पाहिलंत तर तुमच्या खाली हवा असते. तिथे एकाच जागेला माथ्याची आणि पायथ्याची अशा दोन उंच्या. चौकटीत एकच मावते. म्हणून कॉम्प्युटरमधला कोकणकडा हा फक्त एक तीव्र उतार असतो. त्याचं कोकणकडा असणं आकड्यांत उतरतच नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, की ठीक आहे, ट्रेकरांची आणि तंत्रज्ञांची कुरकुर. उंची दोन-चार मीटर इकडेतिकडे झाली तर कुणाचं काय बिघडलं?

म्हणून आता किनाऱ्यावर येऊया. ऑक्टोबर २०१९ मधे आपल्याकडे बातम्या झळकल्या, की २०५० पर्यंत मुंबईचा बराच भाग पाण्याखाली जाणार. सोबत लाल रंगाने भरलेला मुंबईचा नकाशा. व्हॉट्सॅपवर तो सगळ्यांनीच पाहिला असेल. ह्या बातम्यांच्या मुळाशी कल्प आणि स्ट्राउस ह्या दोन संशोधकांचा शोधनिबंध होता. त्यातली खरी बातमी समुद्राबद्दल नव्हतीच. ती जमिनीबद्दल होती.

एसआरटीएमच्या रडारने जे मोजलं ती जमीन नव्हे, रडारला जे आधी लागलं ते. दाट वस्तीत घरांची छपरं, किनाऱ्यावर झाडांचे शेंडे. म्हणजे जिथे माणसं सगळ्यात दाटीने राहतात नेमकी तीच जमीन नकाशात खरी असते त्यापेक्षा उंच दिसत होती. ह्या दोघांनी अमेरिकेतल्या अचूक मोजणीवर एक गणिती प्रणाली शिकवली आणि तिच्याकडून जगभरच्या किनाऱ्याच्या उंच्या सुधारून घेतल्या. आजच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालच्या जमिनीवर जगात किती माणसं राहतात? जुन्या आकड्यांनुसार २.८ कोटी. सुधारलेल्या आकड्यांनुसार ११ कोटी. समुद्र मधल्या काळात उडी मारून वर आला नव्हता. बदलली होती ती कॉम्प्युटरमधली जमीन. आठ कोटींहून जास्त माणसं इतके दिवस केवळ आपल्याच छपरांमुळे नकाशात सुरक्षित दिसत होती.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तो लाल रंग म्हणजे "इथे पाणी येणार" असं भाकीत नव्हतं. "ही जमीन अमुक पातळीपेक्षा खाली आहे" एवढंच तो सांगत होता. मधे बांध आहे का, भिंत आहे का, पाण्याला तिथवर यायला वाट आहे का, हा हिशेब त्यात नव्हता. शिवाय सुधारलेली उंचीही मोजलेली नव्हती, अंदाजलेली होती. आधीपेक्षा चांगला अंदाज, पण अंदाजच. बातम्यांनी "बुडणार" म्हटलं, काहींनी "सगळी थापेबाजी" म्हटलं. चौकटीतला तो आकडा छपराचा की फरशीचा, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

मला वाटतं, ह्या सगळ्या इतिहासातून घ्यायचं ते एवढंच. हटनच्या पेन्सिलीपासून अवकाशातल्या काठीपर्यंत साधनं बदलली, बिंदू वाढले, पण बिंदूंच्या मधली जमीन कधीच कुणी मोजलेली नव्हती. ती प्रत्येक वेळी मानलेली होती. मानण्यात गैर काही नाही. न मानता एकही रस्ता झाला नसता, एकही धरण बांधलं गेलं नसतं. अडचण तेव्हा होते जेव्हा मोजलेलं आणि मानलेलं एकाच रंगात रंगवलं जातं आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच खरं वाटतं.

आता पूररेषेचे नकाशे येतात, दरडींच्या धोक्याचे नकाशे येतात. एखादं घर निळ्या रेषेच्या आत की बाहेर, एखादी वाडी उठवायची की तिथेच ठेवायची, हे त्यांवरून ठरतं. अशा वेळी समोरच्या साहेबाला दोन प्रश्न जरूर विचारा. तुमच्या दोन बिंदूंमधे किती अंतर होतं? आणि तुम्ही मोजलीत ती जमीन होती, की तिच्यावरचं झाड? उत्तर देणारा ह्या कामातला खरा जाणकार असेल तर त्याला राग येणार नाही. उलट तो खुर्ची पुढे ओढून बसेल, कारण हे त्याला फारसं कुणी विचारत नाही.